कॉम्बी बॉयलर आणि गॅसचं बिल: या चुका टाळा

कॉम्बी म्हणजे रेडिएटरचं आणि नळाचं असं दोन्ही पाणी तापवणारा, वेगळी टाकी न लागणारा गॅसचा बॉयलर. ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत बॉयलर बसवणारा माणूस रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याचा नॉब ७५-८० अंशांवर ठेवून जातो आणि पुढं वर्षानुवर्षं त्या नॉबला कुणी हात लावत नाही. गॅस वाया जातो तो बऱ्याचदा इथंच. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून बसवलेले जवळपास सगळे बॉयलर कंडेन्सिंग आहेत: धुरातल्या वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता ते परत कामाला लावतात. पण त्यासाठी रेडिएटरमधून फिरून येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली हवं. ८० अंशांनी निघालेलं पाणी ६०-६५ ला परत येतं, आणि ज्या वाफेतली उष्णता मिळवण्यासाठी हा बॉयलर घेतला, ती धुराड्यातून बाहेर जाते.

म्हणून रेडिएटरचं चित्र असलेला नॉब ६० वर आणा. घर तापायला वेळ जास्त लागेल, तेव्हा टायमर अर्धा तास आधीचा लावा. रेडिएटर आता हाताला चटका देणार नाही. तो बिघाड नव्हे. दोन-तीन दिवस बघा. खोल्या आरामात तापत असतील तर ५५ करून पाहा, कडाक्याच्या थंडीत कमी पडलं तर ६५. बॉयलर कॉम्बी नसेल आणि घरात गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर मात्र जपून. लिजिओनेला जंतू वाढू नयेत म्हणून टाकीतलं पाणी ६० अंशांपर्यंत तापायलाच हवं, त्यामुळं तिथं बॉयलर ६५ च्या खाली नेऊ नका.

नळाचं चित्र असलेला नॉब वेगळा. कॉम्बीत टाकी नसते, तरी अनेक घरांत तो ६० वर असतो. मग आंघोळीला कढत पाणी घ्यायचं आणि त्यात विसण घालायचं, म्हणजे आधी गॅस जाळून तापवायचं आणि मग निववायचं. ४८-५० पुरतं. प्रीहीट, म्हणजे नळाचं पाणी लगेच गरम यावं म्हणून बॉयलर आधीच तापवून ठेवण्याची सोय, चालू असेल तर नळ बंद असतानाही बॉयलर अधूनमधून पेटत राहतो. ईको मोड लावा. गरम पाणी यायला थोडे सेकंद जास्त लागतील, इतकंच.

खोलीचं तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट २५ वर नेल्यानं घर लवकर तापत नाही, फक्त जास्त वेळ तापत राहतं. रेडिएटरच्या व्हॉल्व्हवर ३ हा आकडा म्हणजे खोलीत साधारण २० अंश. त्या व्हॉल्व्हवर पडदा किंवा सोफ्याची पाठ आली तर त्याला खोली तापल्यासारखी वाटते आणि तो आधीच बंद होतो.

रेडिएटर वरून थंड, खालून गरम असेल तर आत हवा अडकली आहे. हीटिंग बंद करा, निवू द्या, खाली फडकं धरून रेडिएटरच्या वरच्या टोकाला असलेल्या हवेच्या स्क्रूला किल्ली लावा आणि पाव फेरा डावीकडं फिरवा. फुसफुस थांबून पाण्याचा थेंब दिसला की लगेच बंद करा. नंतर बॉयलरवरचा दाबाचा काटा पाहा: थंड असताना १ ते १.५ बार हवा. कमी असेल तर फिलिंग लूपमधून (नळाचं पाणी हीटिंगमध्ये सोडणारी जोडनळी) पाणी भरा आणि व्हॉल्व्ह नीट बंद झालेत याची खात्री करा. ते उघडे राहिले तर दाब ३ बारच्या आसपास जाऊन सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर पडतं. दर आठवड्याला भरावं लागत असेल तर कुठंतरी गळती आहे किंवा एक्स्पान्शन व्हेसल (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणारं भांडं) गेलं आहे. भरत राहणं हा उपाय नाही, कारण ताज्या पाण्यातला प्राणवायू आतलं लोखंड गंजवतो. त्या गंजाचा काळा गाळ तळाशी बसला की रेडिएटर उलट खालून, मधोमध थंड राहतो. तिथं किल्ली फिरवून काही होत नाही. सिस्टीम धुऊन इन्हिबिटर, म्हणजे गंज रोखणारं रसायन, घालावं लागतं.

गोठवणाऱ्या थंडीत बॉयलर गुडगुड आवाज करून बंद पडला तर वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडणारा प्लॅस्टिकचा कंडेन्सेट पाइप घराबाहेर आधी तपासा. त्यातलं पाणी गोठलं असेल तर पाइपवर कोमट पाणी ओता, उकळतं नको, आणि मग रीसेट करा.

बॉयलरचं झाकण स्वतः उघडू नका. ते काम ‘गॅस सेफ’ या ब्रिटनच्या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या इंजिनिअरचंच. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, म्हणून बॉयलर असलेल्या खोलीत त्याचा अलार्म हवाच.