माशांच्या टाकीतलं पाणी आपोआप भरायची सोय

इंदुरात एप्रिल-मे म्हणजे कोरडी हवा, त्यात वर पंखा. दोन फूट बाय एक फूट टाकीची पातळी रोज नजरेला येईल इतकी उतरायची. गावाला जाताना शेजारच्या काकूंना किल्ली द्यायचो. त्या प्रेमाने बादलीभर ओतायच्या!

आधी कूलरचा फ्लोट वॉल्व्ह लावला. स्वस्त, पण क्षार बसले की नीट बंद होत नाही, थेंब थेंब सुरूच. नळाच्या लाइनवर असा वॉल्व्ह अडकला तर पाणी थांबणार कधी? म्हणून नळाचा नाद सोडला.

आता स्टँडच्या खालच्या कप्प्यात 10 लिटरची कॅन, तीत 12 व्होल्टचा पंप. टाकीत दोन फ्लोट स्विच (पाणी चढलं की तरंगून बंद होणारे) सिरीजमध्ये, म्हणजे एक जरी बंद झाला तरी पंप थांबतो: एक नेहमीच्या पातळीला, दुसरा बोटभर वर. खालचा गोगलगायीने अडवला तर वरचा पंप बंद करतो. दोन्ही फसले तरी 10 लिटरच येणार, म्हणजे साधारण साडेपाच सेंटीमीटर. तेवढा काठ मोकळा ठेवलाय.

नळीचं तोंड मात्र पाण्याच्या वरच हवं. बुडालं, तर पंप थांबताच टाकीतलं पाणी उलटं कॅनमध्ये उतरतं.

कॅनमध्ये आरओचंच पाणी. वाफ पाण्याची होते, क्षार मागे राहतात. बोरिंगचं पाणी घालत गेलं की टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) चढत जातो. पाणी बदलणं तरीही सुटत नाहीच.

कॅन रिकामी झाली तर पंप कोरडा चालून जळेल, म्हणून तिच्या तळाशी तिसरा स्विच बसवायचाय.