‘एक’च्या जागी ‘अल्फा’ लिहिण्याआधी

एमएस्सीनंतर प्रबंधासाठी फ्रॅक्शनल डिफरन्शियल इक्वेशन्स, म्हणजे अपूर्णांक कोटीच्या (ऑर्डरच्या) डेरिव्हेटिव्हची समीकरणं, हा विषय घेणाऱ्यांचा साध्या अवकल समीकरणांचा पाया बहुतेक वेळा पक्का असतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिल्या कोटीच्या डेरिव्हेटिव्हच्या जागी अल्फा कोटीचा लिहायचा, अल्फा शून्य आणि एकच्या मध्ये घ्यायचा, आणि जुनी प्रमेयं थोड्या डागडुजीनं चालवायची, असा बेत असतो. काही प्रमेयं चालतातही. जी चालत नाहीत ती मात्र गुपचूप मोडतात: सिद्धता वाचताना खटकत नाही, आलेख छान दिसतो, आणि निष्कर्ष चुकीचा असतो.

यावर एक उपाय आहे. एक चाचणी समीकरण कायम हाताशी ठेवायचं आणि प्रत्येक नवा दावा आधी त्याच्यावर घासून बघायचा. अल्फा १/२ घ्या. वाय हे वेळ ‘टी’चं फंक्शन, आणि त्याचा अल्फा कोटीचा कॅपुटो डेरिव्हेटिव्ह (व्याख्या पुढं आहे) बरोबर उणे वाय. शून्यापाशी वायची किंमत १. याची उकल म्हणजे ‘ई’चा टी घात गुणिले टीच्या वर्गमुळाचं काँप्लिमेंटरी एरर फंक्शन. मॅटलॅब आणि सायपाय दोन्हींत या गुणाकारासाठी ‘ईआरएफसीएक्स’ हे तयार फंक्शन आहे, त्याला टीचं वर्गमूळ दिलं की एका ओळीत उत्तर येतं. टी ०.०१ असताना ०.८९६, १ असताना ०.४२८, १० असताना ०.१७१, १०० असताना ०.०५६. साध्या समीकरणाची उकल याच ठिकाणी ०.९९०, ०.३६८, ०.००००४५ अशी जाते आणि शंभरला तर नाहीशीच होते. म्हणजे फ्रॅक्शनल उकल सुरुवातीला धाडकन खाली येते आणि मग शून्याकडे जायला फार वेळ लावते. पुढच्या बहुतेक अडचणी या दोन टोकांतून येतात.

व्याख्येपाशी घाई करू नका. कॅपुटो (१९६७) आधी साधा डेरिव्हेटिव्ह घेतो आणि मग भारित इंटिग्रल. रीमान-लिउव्हिल आधी इंटिग्रल, मग डेरिव्हेटिव्ह. क्रम बदलल्यामुळे स्थिरांकाचा कॅपुटो डेरिव्हेटिव्ह शून्य येतो, पण रीमान-लिउव्हिलचा येत नाही. तिथं टीच्या उणे अल्फा घाताचं पद उरतं. सुरुवातीची अटही बदलते. कॅपुटोला शून्यापाशी वायची किंमत पुरते, रीमान-लिउव्हिलला वायच्या (१ − अल्फा) कोटीच्या इंटिग्रलची शून्यापाशी किंमत लागते. एका पानावर एक व्याख्या आणि पुढच्या पानावर दुसरीची प्रारंभिक अट, हे परीक्षकाला पहिल्या वाचनातच दिसतं.

गुणाकाराचा नियम आणि साखळी नियम इथं जुन्या रूपात मिळत नाहीत. कोटींची बेरीजही बिनधास्त करता येत नाही. आपल्या चाचणी समीकरणावर बघा: अर्धा डेरिव्हेटिव्ह एकदा घेतला की उणे वाय, पुन्हा घेतला की वाय, म्हणजे धन संख्या. पण उकल सतत उतरती आहे, तिचा साधा डेरिव्हेटिव्ह ऋण. तेव्हा अर्धा अधिक अर्धा म्हणजे एक, हे इथं खोटं ठरतं. एवढी एक ओळ तपासली असती तर अनेक ‘सिद्धता’ कागदावर उतरल्याच नसत्या.

उकलीचं अस्तित्व आणि एकमेवता दाखवायची नेहमीची वाट व्होल्टेरा इंटिग्रल समीकरणातून जाते: वाय बरोबर प्रारंभिक किंमत अधिक उजव्या बाजूचं अल्फा कोटीचं इंटिग्रल. आधी ही दोन रूपं समतुल्य असल्याचं दाखवा. उजवी बाजू सतत असेल तर ते सोपं आहे, पण लिहायचं राहून जातं. मग बानाखचं आकुंचन प्रमेय लावलं की अट येते: लिपशिट्झ स्थिरांक एल (वाय बदलला की उजवी बाजू जास्तीत जास्त किती पट बदलते तो) गुणिले कालावधीचा अल्फा घात, भागिले गॅमा(अल्फा + १), हे एकपेक्षा कमी हवं. चाचणी समीकरणाला ही अट फक्त पाय भागिले ४, म्हणजे सुमारे ०.७८५ पर्यंतचा कालावधी देते.

नवखे इथं हमखास घसरतात. साध्या समीकरणात छोट्या कालावधीच्या शेवटी मिळालेली किंमत नवी प्रारंभिक किंमत धरून पुढं जाता येतं. इथं नाही. कॅपुटो डेरिव्हेटिव्हला शून्यापासूनचा सगळा इतिहास लागतो. एकला ०.४२८ मिळालं म्हणून तिथून नव्यानं सुरुवात केली, तर दोनला त्याचा वर्ग म्हणजे ०.१८३ येईल, खरं उत्तर ०.३३६ आहे. म्हणून कालावधी वाढवायचा तर इतिहासाचं इंटिग्रल बरोबर वाहून न्यावं लागतं. त्यापेक्षा भारित नॉर्म घ्यावा: उकलीतल्या फरकाला ‘ई’च्या मोठ्या ऋण घाताचा भार लावला की आकुंचन कोणत्याही मर्यादित कालावधीवर एका दमात मिळतं. इम्पल्सिव्ह समीकरणांत, जिथं मध्येच उडी असते, उडीनंतर डेरिव्हेटिव्हमधल्या इंटिग्रलची खालची मर्यादा शून्यच ठेवायची की उडीच्या क्षणावर आणायची यावर संशोधकांत बराच वाद झाला आहे. दोन्ही मांडण्या वेगळी समीकरणं देतात, त्यामुळे आपण कोणती घेतली ते पहिल्याच पानावर लिहून टाकावं.

लिपशिट्झ अट नसेल तर शाउडर किंवा क्रास्नोसेल्स्की यांची प्रमेयं वापरतात, आणि समीकरण गुणाकाराच्या ‘हायब्रिड’ रूपात असेल तर लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरचे बी. सी. ढगे यांची फिक्स्ड पॉइंट प्रमेयं. यांतून उकल आहे एवढंच कळतं. ती एकच आहे हे नाही. शीर्षकात ‘एकमेवता’ लिहिण्याआधी हे आठवावं.

प्रत्यक्ष उकल काढायला मालिका-पद्धती लोकप्रिय आहेत. पुणे विद्यापीठातल्या वर्षा दफ्तरदार-गेज्जी आणि हुसेन जाफरी यांची २००६ची पुनरावृत्ती-पद्धत त्यांतली एक; तिला अडोमियनच्या बहुपदी (दुसऱ्या एका मालिका-पद्धतीत अरेषीय पदासाठी काढाव्या लागतात त्या) लागत नाहीत आणि हातानं चार पदं काढणं खरोखर सोपं जातं. दोष पद्धतीचा नाही, वापराचा आहे. तीन पदं काढून टी १० पर्यंतचा आलेख काढला तर आपल्या समीकरणात ०.१७१ च्या जागी ७.४३ येतं. छाटलेली मालिका शून्याच्या आसपासच विश्वासाची.

मग पदं वाढवू, असं वाटेल. आपली उकल म्हणजे मिट्टाग-लेफ्लर फंक्शनचंच एक रूप, आणि त्याची मालिका सगळीकडे अभिसारी आहे हे खरं, पण टी १०० ला तिच्या पदांची किंमत १० च्या ४२ व्या घातापर्यंत चढते, चिन्हं आलटून पालटून येतात आणि उत्तर ०.०५६ असतं. संगणकाची सोळा अंकांची अचूकता त्यात कधीच वाहून जाते. रोबेर्तो गाराप्पा यांनी २०१५ मध्ये मांडलेली, लाप्लास रूपांतर उलटवून किंमत काढणारी रीत मॅटलॅबसाठी मोफत मिळते. ती वापरा, स्वतःचा फॉर-लूप नको.

संख्यात्मक पद्धतींत डीथेल्म, फोर्ड आणि फ्रीड यांची प्रेडिक्टर-करेक्टर (२००२) बहुतेकांची पहिली. तिची कोटी, म्हणजे चूक पायरीच्या कितव्या घाताएवढी कमी होते तो आकडा, १ + अल्फा सांगतात, पण ती उकलीचा अल्फा डेरिव्हेटिव्ह पुरेसा गुळगुळीत असेल तरच. आपल्या उकलीत टीच्या वर्गमुळाचं पद आहे, शून्यापाशी उतार अनंत होतो, आणि कोटी घसरते. एल-१ या पद्धतीत (प्रत्येक पायरीवर उकल सरळ रेषा धरून कॅपुटो डेरिव्हेटिव्ह काढणारी) समान पायऱ्या घेतल्या तर सुरुवातीची सर्वांत मोठी चूक पायरीच्या अल्फा घाताएवढीच कमी होते: पायरी चौपट बारीक केली तरी चूक जेमतेम निम्मी. त्यावर उपाय म्हणजे शून्यापाशी दाट, पुढं विरळ अशी जाळी. एन पायऱ्यांतला जे-वा बिंदू कालावधी गुणिले (जे भागिले एन)चा आर घात असा घ्यायचा. आर बरोबर (२ − अल्फा) भागिले अल्फा, म्हणजे अल्फा १/२ ला ३. मग १.५ ही कोटी परत मिळते. पायऱ्या दुप्पट केल्या की इतिहासामुळे काम चौपट होतं हेही धरून चाला.

आता स्थिरता. रेषीय प्रणालीसाठी मातिन्यों यांचा १९९६चा निकष: मॅट्रिक्सच्या प्रत्येक आयगेनव्हॅल्यूचा कोन, धन बाजूपासून मोजलेला, अल्फा गुणिले ९० अंशांपेक्षा मोठा हवा. पहिली ओळ १, −२ आणि दुसरी २, १ असा मॅट्रिक्स घ्या. आयगेनव्हॅल्यू १ अधिक-उणे २आय, कोन ६३.४३ अंश. साध्या समीकरणात ही प्रणाली अस्थिर. फ्रॅक्शनलमध्ये अल्फा ०.७०४८ पेक्षा कमी असेल तर स्थिर. ०.७० आणि ०.७२ घेऊन आलेख काढून बघा, पण थोड्या वेळाच्या आलेखावरून निर्णय देऊ नका. सीमेजवळ फरक दिसायला फार वेळ लागतो.

शून्याकडे जाण्याचा वेग टीच्या उणे अल्फा घाताचा असतो, घातांकी नाही. म्हणून ‘एक्स्पोनेन्शियल स्टॅबिलिटी’ सिद्ध केल्याचा दावा दिसला की तिथंच थांबावं. इथं मिट्टाग-लेफ्लर स्थिरता बोलायची, म्हणजे उकल मिट्टाग-लेफ्लर फंक्शनच्या मर्यादेत राहून शून्याकडे जाते असं म्हणायचं. ली, चेन आणि पॉडलुब्नी यांनी २००९ मध्ये ती मांडली. ल्यापुनॉव्ह फंक्शन (स्थिरता तपासायला घेतलेलं, ऊर्जेसारखं धन फंक्शन) म्हणून वर्ग घेतला की गुणाकाराचा नियम आडवा येतो. त्यातून वाट २०१४च्या एका असमानतेनं निघाली: एक्सच्या वर्गाच्या अल्फा डेरिव्हेटिव्हचं अर्ध हे एक्स गुणिले एक्सचा अल्फा डेरिव्हेटिव्ह याहून मोठं नसतं. आणखी एक खाचखळगा: ल्यापुनॉव्ह फंक्शनचा कॅपुटो डेरिव्हेटिव्ह ऋण आला म्हणजे फंक्शन सतत उतरतंय असं नाही, ते सुरुवातीच्या किमतीच्या वर जात नाही इतकंच.

वेळेवर थेट अवलंबून नसलेल्या कॅपुटो प्रणालीला, स्थिरांक सोडून, तंतोतंत आवर्ती उकल नसते. तावाझोई आणि हेरी यांनी हे २००९ मध्ये दाखवलं. आलेखात बंद वळण दिसलं तरी ‘लिमिट सायकल’ सापडली असं लिहू नये.

उलाम-हायर्स स्थिरतेवर शोधनिबंध भरपूर निघतात, कारण ती सोपी आहे. मर्यादित कालावधी, लिपशिट्झ अट आणि ग्रोनवॉलची असमानता असली की ती जवळपास आपोआप मिळते. तिचा अर्थ एवढाच की समीकरण जवळपास पाळणाऱ्या फंक्शनच्या जवळ खरी उकल असते. किती जवळ? एल १, अल्फा १/२ आणि कालावधी १० घेतला तर त्या वाटेनं येणारा स्थिरांक सुमारे १ लाख ५७ हजार. दीर्घकाळात काय होईल याबद्दल ती काही सांगत नाही. वायचा डेरिव्हेटिव्ह बरोबर वाय, हे उघड अस्थिर समीकरणसुद्धा मर्यादित कालावधीवर उलाम-हायर्स स्थिर आहे. प्रबंधात हे प्रकरण असायला हरकत नाही, पण स्थिरांक काढून दाखवा आणि ल्यापुनॉव्ह स्थिरतेशी त्याची सरमिसळ करू नका.

विषय निवडताना नव्या डेरिव्हेटिव्हचा मोह होतो. कॅपुटो-फाब्रिझिओ (२०१५) आणि अटांगाना-बालेआनू (२०१६) यांच्या कॅपुटोसारख्या रूपांत गाभा (इंटिग्रलमध्ये इतिहासाला लागणारा भार) शून्यापाशी अनंत होत नाही; गणित सुटसुटीत दिसतं. पण त्यामुळे नेहमीच्या उकलींसाठी शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह शून्य येतो, आणि समीकरणाची उजवी बाजूही तिथं शून्यच असावी लागते. चाचणी समीकरणात ती उणे १ आहे, म्हणजे अशी उकलच मिळत नाही. डीथेल्म, गाराप्पा, जुस्ती आणि स्टाइन्स यांची यावरची २०२०ची टीका विषय नक्की करण्याआधी वाचावी.

साथीच्या रोगांचं मॉडेल घेणाऱ्यांनी एककांकडे बघावं. दर ०.२ प्रतिदिन असेल आणि अल्फा ०.८, तर समीकरणात ०.२ चा ०.८ घात, म्हणजे सुमारे ०.२७६ जातो, नाहीतर डाव्या आणि उजव्या बाजूची एककं जुळत नाहीत. आणि निरोगी, बाधित, बऱ्या झालेल्या अशा गटांना वेगवेगळे अल्फा दिले तर एकूण लोकसंख्या स्थिर राहत नाही. बेरजेचा आलेख काढला की ते लगेच दिसतं.