लिनक्सवर माउस अडखळतो? ड्रायव्हर शोधण्यापूर्वी या चुका टाळा

विंडोजवरून लिनक्सवर आलेले अनेकजण माउस नीट चालेनासा झाला की सर्वप्रथम ड्रायव्हर शोधू लागतात, आणि तीच पहिली चूक ठरते. यूएसबीचे बहुतेक सर्व माउस एचआयडी या एकाच प्रमाणित पद्धतीने संगणकाशी बोलतात व तिचा ड्रायव्हर कर्नलसोबतच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबतच येतो. म्हणून साध्या माउससाठी कुठून तरी उतरवलेली स्क्रिप्ट रूट अधिकाराने, म्हणजे संगणकाचा पूर्ण ताबा देऊन चालवणे निरर्थक तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे.

त्याऐवजी बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हे आधी पाहावे. टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ (lsusb) ही आज्ञा दिल्यावर माउस किंवा त्याचा रिसीव्हर यादीत दिसतच नसेल, तर केबल, पोर्ट किंवा हब तपासावा. डेस्कटॉपच्या सेटिंग बदलत बसू नये. यादीत दिसत असेल, तर ‘लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स’ (libinput debug-events) ही आज्ञा सुडोसह, म्हणजे तिच्याआधी sudo लिहून चालवावी (उबुंटू आणि डेबियनवर त्यासाठी लिबइनपुट-टूल्स (libinput-tools) हे पॅकेज बसवावे लागते) आणि माउस हलवून पाहावा. तेथे नोंदी उमटत असूनही बाण हलत नसेल, तर माउस निर्दोष आहे आणि शोध डेस्कटॉपच्या दिशेने घ्यायला हवा.

सर्वांत फसवा प्रकार मात्र वेगळाच असतो. दोन-तीन सेकंद हात थांबला की माउस झोपी जातो आणि बटण दाबल्याशिवाय जागा होत नाही. लॅपटॉपची बॅटरी वाचावी म्हणून पॉवरटॉप या वीजबचतीच्या साधनाचा ‘ऑटो-ट्यून’ पर्याय वापरलेला असेल, तर यूएसबीची स्वयंनिद्रा माउसलाही लागू होते आणि दोष विनाकारण माउसवर येतो. पॉवरटॉपच्या ‘ट्यूनेबल्स’ या पानावर माउसची ओळ शोधून ती ‘बॅड’ करावी. तो शब्द वाचून बिचकण्याचे कारण नाही, कारण तो केवळ वीजबचतीच्या दृष्टीने वापरलेला आहे.

वायरलेस माउस तुटक हलत असेल, तर रिसीव्हर कोठे लावला आहे तेही पाहावे. यूएसबी 3.0 च्या पोर्टमधून व केबलमधून निघणारा विद्युत गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो, आणि असे बहुसंख्य रिसीव्हर त्याच पट्ट्यात काम करतात. शेजारच्या पोर्टला बाह्य हार्ड डिस्क जोडलेली असताना त्रास वाढत असेल, तर छोटी एक्स्टेन्शन केबल लावून रिसीव्हर माउसजवळ आणणे हाच खात्रीचा उपाय.

वेगाविषयीची जुनी मार्गदर्शने वाचताना आपले सत्र वेलँडचे आहे की एक्स 11 चे (डेस्कटॉप पडद्यावर दाखवणाऱ्या या दोन वेगळ्या यंत्रणा), हे तपासावे. माउसची सेटिंग बदलणाऱ्या ‘एक्सइनपुट’च्या (xinput) आज्ञा वेलँडमध्ये प्रत्यक्ष माउसवर परिणाम करत नाहीत, तेथे वेग आणि त्वरण डेस्कटॉपच्या सेटिंगमधूनच बदलावे लागते.

गेमिंग माउसची जादा बटणे व दिवे यांचा विचार तर खरेदीपूर्वीच करावा. कंपनीचे सॉफ्टवेअर बहुधा लिनक्ससाठी नसते, त्यामुळे हवे ते मॉडेल, अशी बटणे व दिवे जुळवणारे पायपर हे सॉफ्टवेअर ज्यावर चालते त्या लिबरॅटबॅगच्या यादीत आहे का, रेझर कंपनीचे असल्यास ओपनरेझर या मुक्त ड्रायव्हरच्या यादीत आहे का, हे पाहूनच पैसे मोजावेत.