एनएबीएलच्या लॅबमध्ये नवीन लागताय? माझा पहिल्या वर्षाचा अनुभव

बीएस्सी केमिस्ट्री करून मी पाणी आणि फूड टेस्टिंगच्या, एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या लॅबला लागलो तेव्हा वाटायचं की टायट्रेशनला हात बसलाय, मग अडणार काय. पण नवीन माणूस टेस्टमध्ये कमी आणि नोंदीत जास्त अडकतो.

माझंच सांगतो. पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) काढताना डिशमधलं पाणी आटवून, डिश १८० डिग्रीला वाळवून, डेसिकेटरमध्ये (हवेतला ओलावा लागू न देणारं बंद भांडं) गार करून बॅलन्सवर वजन घेतात. रिकाम्या डिशचं वजन होतं ४८.१६५३ ग्रॅम. वाळवल्यानंतरचं वजन मी हाताशी असलेल्या चिठ्ठीवर लिहिलं, ४८.२१३७, आणि संध्याकाळी वर्कशीटवर छान अक्षरात उतरवताना ४८.२१७३ लिहून बसलो. सॅम्पल १०० मिली, म्हणजे खरा टीडीएस लिटरला ४८४ मिलिग्रॅम, माझ्या शीटवर ५२०. आता आयएस १०५०० मध्ये, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, स्वीकारार्ह मर्यादा ५०० आहे, म्हणजे चांगलं पाणी माझ्या दोन आकड्यांच्या उलटापालटीमुळे मर्यादेबाहेर गेलं असतं. क्वालिटी मॅनेजर मॅडमनी रिपोर्टवर सही करायच्या आधी बॅलन्सची प्रिंट मागितली म्हणून सापडलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "चिठ्ठी दाखव." अ‍ॅप्रनच्या खिशातून काढून दिली तेव्हा हात कापत होता.

त्या दिवसापासून आकडा दिसला की थेट वर्कशीटवरच. चुकला तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. व्हाइटनर अजिबात नाही. आणि फ्रीजचं, इन्क्युबेटरचं तापमान उद्याचं आजच भरून ठेवायची सवय कुणी सीनियरने लावायचा प्रयत्न केला तर नम्रपणे नाही म्हणा, कारण खाली सही तुमची असते.

एवढं कडक का, तर अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ खाली आलेलं सॅम्पल चार भागात घेतात, फूड अ‍ॅनालिस्टला रिपोर्ट १४ दिवसांत द्यावा लागतो, आणि त्यावर अपील होऊ शकतं. तिथे "मला आठवतंय" चालत नाही, कागद लागतो. दुकानदाराचा धंदा आणि खाणाऱ्याची तब्येत दोन्ही त्या कागदावर असतं.

दुसरं म्हणजे कॅलिब्रेशन सर्टिफिकेट फाइलला लावून विसरू नका, वाचा. आमच्या एका थर्मामीटरची एरर ३७ डिग्रीला अर्ध्या डिग्रीच्या आसपास होती, सर्टिफिकेटवर स्पष्ट लिहिलेलं, पण करेक्शन कुणीच लावत नव्हतं. असेसर (मान्यतेसाठी लॅब तपासायला येणारे) हमखास तिथेच बोट ठेवतात. पीटीमध्ये (एकच सॅम्पल अनेक लॅबना देऊन निकाल ताडून बघतात ती चाचणी) झेड स्कोर, म्हणजे आपला निकाल ठरलेल्या किमतीपासून किती लांब आहे तो आकडा, २ च्या आत आला की ठीक, ३ किंवा वर गेला तर मूळ कारण शोधावंच लागतं, "अ‍ॅनालिस्टला ट्रेनिंग दिलं" एवढं लिहून भागत नाही, खरंच स्टँडर्ड द्रावण जुनं होतं का, पिपेट गळत होती का ते बघा.

इंटरव्ह्यूला जाताना आयएसओ १७०२५ (टेस्टिंग लॅबच्या कामाचं आंतरराष्ट्रीय मानक) ची २०१७ ची आवृत्ती पाठ करायची गरज नाही, पण आयएस १०५०० चे टेबल नीट बघून जा. लिटरला मिलिग्रॅममध्ये फ्लोराईड १.०, पर्यायी स्रोत नसेल तर १.५, नायट्रेट ४५, आणि ई. कोलाय १०० मिलीमध्ये सापडताच कामा नये. मला पहिलाच प्रश्न आला होता की क्लोरीन असलेल्या नळाच्या पाण्याचं मायक्रोचं (जंतू तपासायचं) सॅम्पल घेताना बाटलीत काय टाकतात. सोडियम थायोसल्फेट, नाहीतर लॅबला येईपर्यंत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि पाणी आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसतं.