साखळ्यांची पिशवी डिकीत सर्वांत शेवटी ठेवावी

स्कीइंगच्या सहलीला कुटुंबासह गाडीने जाताना बर्फाचा चढ लागतो, आणि चाके घसरू नयेत म्हणून त्यांना लावायच्या साखळ्या नेमक्या डिकीच्या तळाशी, स्कीचे बूट व मुलांच्या बॅगा यांच्याखाली दडलेल्या असतात.

यावर उपाय सोपा आहे. साखळ्या, रबरी हातमोजे, डोक्याला बांधायचा दिवा आणि गुडघे टेकण्यासाठी एक जुने पायपुसणे अशी वेगळी पिशवी करून ती सर्व सामान भरून झाल्यावरच आत ठेवावी, म्हणजे डिकी उघडताच ती हाती लागते.

मात्र त्याआधी, निघण्याच्या आठवडाभर अगोदर, टायरच्या कडेवरचा क्रमांक (उदाहरणार्थ २०५/५५ आर १६) साखळीच्या खोक्यावरील यादीशी ताडून पाहावा आणि दिवसाउजेडी, कोरड्या जागेत साखळी एकदा लावून काढावी. बधिर झालेल्या बोटांनी, मागच्या सीटवरून ‘अजून किती वेळ?’ ऐकत साखळीचा हूक पहिल्यांदाच अडकवणे ही शिक्षाच असते. इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते त्यांनाच साखळ्या लावतात. चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीसाठी गाडीची पुस्तिका पाहावी. लावल्यावर थोडे अंतर जाऊन थांबावे आणि साखळी सैल पडली असल्यास पुन्हा आवळावी.

एक काळजी घ्यावी: साखळ्या लावलेल्या असताना वेग साधारणपणे ताशी ५० किलोमीटरच्या आत ठेवावा आणि कोरडा रस्ता लागताच त्या काढाव्यात, अन्यथा साखळी तुटून चाकाजवळच्या भागांचे नुकसान होऊ शकते.