जुन्या गाडीचा गंजलेला पत्रा कापताय? आधी दरवाजा लावून बघा

वरून रंगाला दोन बोटांएवढा फोड दिसतो ना, तेवढाच गंज आहे असं समजू नका. दरवाजाखालच्या सिलमध्ये (दरवाजाखालून जाणारी पत्र्याची पोकळ पेटी), चाकाच्या कमानीमागे चिखल-पाणी साचत राहतं आणि बाहेर फोड येईपर्यंत आतला पत्रा जाळीदार पिंपळपान झालेला असतो. जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि टोचत जा, खचकन आत गेला की कळलंच. लोहचुंबकपण फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे कुणीतरी आधी पुट्टी थापून ठेवलीय.

इथे लगेच ग्राइंडर चालवायला हात शिवशिवतात. माझेही शिवशिवले होते. चासी (खालचा लोखंडी सांगाडा) वेगळी नसलेल्या गाडीत सिल म्हणजे नुसतं झाकण नसतं, अर्ध्या गाडीचा भार त्यावर असतो, मी आधार न देता अख्खं सिल कापलं, नवीन वेल्ड केलं, एकदम खूश, आणि दरवाजा लावायला गेलो तर मागे वरच्या कोपऱ्यात घासायला लागला. गाडी मधून बसली होती. सगळं परत कापलं.

तर आधी बॅटरी काढा, सीट-कार्पेट बाहेर, पेट्रोलची टाकी जवळ असेल तर काढून लांब ठेवा (रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, आतल्या वाफेचाच भडका जास्त), अग्निशामक हाताशी. गाडी सपाट जागेवर मजबूत टेकूंवर घ्या, दरवाजाभोवतीच्या फटी चारपाच ठिकाणी मोजून मास्किंग टेपवर तिथेच लिहा आणि मग दरवाजाच्या चौकटीत चौकोनी पाइप आडवातिरपा, दरवाजा लावता येईल असा आतल्या बाजूने वेल्ड करून टाका. एका वेळी एकच बाजू.

नवीन पॅनल जुन्यावर धरून खूण करा पण कापताना खुणेच्या आत दोनेक सेंटीमीटर राहा, जास्तीचं नंतर काढता येतं, कमी पडलेलं नाही. जुने स्पॉट वेल्ड (दोन पत्रे जोडणारे कारखान्यातले गोल टाके) ८ मिमीच्या कटरने फक्त वरच्या पत्र्यापुरते पोखरा. चकचकीत पत्रा लागेपर्यंत गंज कापायचा, इथे दयामाया नाही. मग नवीन पॅनलच्या कडेला ६ मिमीची भोकं पाडा (यांतूनच वेल्ड भरून पॅनल जोडायचं), जुळणाऱ्या दोन्ही बाजूंना वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्याच्यावरूनच वेल्ड करता येतं तो) मारा, क्लॅम्प लावा, आणि दरवाजा लावून फटी टेपवरच्या आकड्यांशी ताडून बघा. जुळल्या तरच पुढे.

वेल्डिंगला मिग (तार आपोआप पुढे सरकवणारं मशीन), तार ०.६ मिमी, कारण पत्रा जेमतेम १ मिमीचा असतो. सलग रेघ ओढलीत की पत्रा वळलाच, म्हणून एक टाका इकडे, पुढचा पार त्या टोकाला, हात लावता येईल इतकं गार होऊ द्या, मग मधे. कंटाळा येतो, पण दुसरा उपाय नाही. क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसून वेल्ड करू नका, विषारी गॅस होतो, आणि जस्ताचा पत्रा असेल तर त्याचा धूर छातीत घेऊ नका.

घासून झालं की इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलर, पुट्टी लागलीच तर दोन-तीन मिमी, मग रंग. आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागात फवारायचं गंजरोधक मेण) सगळ्यात शेवटी, आणि ते मारल्यावर खाली वाका, सिलखालची पाणी जायची भोकं वॅक्सने बुजली असतील तर काडी घालून मोकळी करा.