ओवेन्स-इलिनॉयच्या रंगीत लेबलवाल्या सोडाबाटलीचं साल कसं ओळखावं

बाटली पालथी करा. ओवेन्स-इलिनॉय या अमेरिकन काच-कंपनीच्या बाटल्यांचं साल बुडावर असतं. लेबलावर कॉपीराइटचं साल दिसलं, तर ते नक्षीचं असतं. एकच नक्षी वर्षानुवर्षे छापली जाई. ते बाटलीचं साल म्हणून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

बूड कोमट पाण्याने, मऊ ब्रशने धुवा. लेबलाला घासणी लावू नका. टॉर्च आडवी धरून वाचा. उठाव पुसट असेल तर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवा.

शंकरपाळीच्या आकारावर लंबगोल आणि मध्ये 'आय', हे चिन्ह १९२९ पासूनचं. १९५४ च्या सुमारास शंकरपाळी गेली, लंबगोल उरला. चिन्हाच्या डावीकडे कारखान्याचा क्रमांक (९ म्हणजे स्ट्रीटर गावचा, ३ म्हणजे फेअरमाँटचा), उजवीकडे साल, खाली साच्याचा क्रमांक. चिन्ह उलटं धरलं तरी सारखंच दिसतं, म्हणून आधी खालचा साचा-क्रमांक पाहून बाटली सुलट करा. नाहीतर कारखाना साल होऊन बसतो आणि ६ चा ९ होतो.

खरी अडचण पुढे आहे. जुन्या बाटल्यांवर साल बहुतेकदा एकाच आकड्यात असतं. ५ म्हणजे १९३५ की १९४५? "जुनी दिसते, म्हणजे तिशीतली" (१९३० च्या दशकातली) हा निवाडा साफ चुकीचा आहे.

आधी लेबलाचा उपयोग करा. काचेवर भाजून पक्का केलेला रंग १९३० च्या दशकाच्या मध्याला रूढ झाला. त्यामुळे अशा बाटलीवर ०, १ किंवा २ असेल तर साल चाळिशीतलंच. प्रश्न ३ ते ९ चा उरतो.

मग आकड्यानंतरचा ठिपका शोधा. ठिपका असेल तर चाळिशी. पण तो आकड्यांइतकाच उठावदार हवा. बोटाने चाचपा, हवेचा बुडबुडा फसवतो. ठिपका नाही म्हणजे तिशी, असं मात्र मुळीच धरू नका. प्रत्येक बाटलीवर तो दिला जात नसे.

तेव्हा बुडाचा पोत पाहा. बारीक दाणेदार खडबडी किंवा धावत्या अक्षरांतलं 'ड्युराग्लास' हे कंपनीचं व्यापारी नाव दिसलं, तर बाटली १९४० किंवा त्यानंतरची. बूड गुळगुळीत, ठिपका नाही, ड्युराग्लासही नाही, तर तिशीकडे झुका.

एवढं करूनही निकाल लागला नाही, तर नोंदीत "१९३५ किंवा १९४५" असं दोन्ही लिहा.